सूर्य मागे होता

नोकरी गेली की पहिल्या आठवड्यात माणसं विचारतात, "ठीक आहेस ना?" दुसऱ्या महिन्यात विचारतात, "कुठे काही जमतंय का?" त्यानंतर विचारायचं सोडून देतात आणि नुसतं म्हणतात, "तुझं काय बाई, तू मोकळीच आहेस." आईचा फोन आला तेव्हा मी ह्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसले होते.

"ब्रॉनी, मोकळीच आहेस ना तू?"

"अगदी. ओवाळून टाकल्यासारखी. का?"

"सेडूनाला ये. बाबा म्हणतोय आता गाडी चालवणार नाही. व्हॅन मेलबर्नला परत न्यायचीय, आणि मला ते लांबलचक धूड ओढता येत नाही."

"बाबा म्हणतोय? आपला बाबा?"

"अपघात झाला गं छोटासा. आम्हाला काही झालेलं नाही. ये, मग बोलू."

आणि तिने फोन ठेवला. माझी आई फोन ठेवणाऱ्यांतली नाही. 'ठेवते हं' म्हटल्यावर तिला आणखी पाव तास विषय सुचत राहतात. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. पण मला आधी राग आला. गेलं वर्षभर मला त्या दोघांचा रागच येत होता.

बाबा, म्हणजे गार्थ पास्को, चाळीसेक वर्षं मेलबर्नच्या पाणीखात्यात होता. रस्ते खणून फुटलेले नळ सांधणाऱ्या टोळीत लागला आणि त्याच टोळीचा मुकादम होऊन निवृत्त झाला. आई, ग्लेनिस, शाळेच्या ग्रंथालयात होती. निवृत्त झाल्यावर बाबाने पांढरी कॅरव्हॅन घेतली आणि दोघं देशाला वळसा घालायला निघाले. आमच्याकडे निम्मे म्हातारे हेच करतात. पिकल्या केसांची जोडपीच्या जोडपी गाडीच्या शेपटीला घर बांधून देशभर गोल फिरत असतात, जणू कुणीतरी घाण्याला जुंपलंय. पण शहाणी माणसं मागे घर ठेवून जातात. माझ्या आईबापांनी मेलबर्नमधलं प्रेस्टनचं घर विकलं. मला ते कळलं असं: आईने फोन करून विचारलं, "तुझ्या शाळेची खोकी गॅरेजमध्ये होती, ती कुठे पाठवू?"

मी एकदा ८६ नंबरच्या ट्रामने जाऊन बघून आले. घर पाडलं होतं. मागच्या लिंबाच्या झाडासकट सपाट. पाटीवर दोन चकचकीत घरांचं चित्र होतं, आणि त्यातलं एकसुद्धा मला ह्या जन्मी परवडणार नव्हतं.

मी राहत होते फुट्सक्रेमध्ये, चौघांत एका भाड्याच्या घरात. फ्रिजमधला माझा खण खालून दुसरा. आणि माझी गेलेली नोकरी कसली होती? निवृत्त लोकांना सहलींना नेणाऱ्या कंपनीत माहितीपत्रकं लिहायची! 'आयुष्यभर राबलात, आता जग तुमचं.' नॉर्वेच्या खाड्या, क्योटोच्या बागा, डॅन्यूबवरच्या बोटी, सगळं मी लिहिलं, कॉलिन्स स्ट्रीटवरच्या अकराव्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात. मी स्वतः बालीपर्यंत गेले होते. मग कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि माझी वाक्यं एक यंत्र लिहू लागलं. खरं सांगायचं तर फरक कुणालाच कळला नाही.

नोकरी नसलेल्याला शहर वेगळं दिसतं. कामाच्या दिवशी अकरा वाजता मेलबर्नच्या मधोमध गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घातलेली माणसं कॉफी घेऊन धावत असतात. त्यांच्या मधून आम्ही बिनपट्ट्याचे चालत असतो, दुकानांच्या काचांत काही शोधल्यासारखं करत. मध्यभागात ट्राम फुकट आहे. मी एका टोकाला चढायचे, फुकटची हद्द संपायच्या आत उतरायचे, समोरून परत चढायचे. माझ्यासोबत म्हातारे असायचे. त्यांना घरी जायची घाई नव्हती आणि मलाही. फरक एवढाच की त्यांच्या फुरसतीला लोक निवृत्ती म्हणत आणि माझ्या फुरसतीला 'अरे अरे'.

तर मी गेले. ॲडलेडपर्यंत विमान, तिथून रात्रभर बस. शनिवारी सकाळी सेडूनाला उतरले तेव्हा समुद्रावरून असा गार वारा सुटला होता की डोळ्यांत पाणी आलं. बाबा थांब्यावर एकटाच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागून उतरणाऱ्या बाईकडे पाहिलं. मग पुन्हा बसच्या दाराकडे पाहत राहिला.

"बाबा."

"अगं!" तो दचकला, आणि मग हसून त्याने मला जवळ घेतलं. "केस कापलेस होय? ओळखलंच नाही."

माझे केस चांगले खांद्याच्या खाली आले होते. नोकरी गेल्यापासून मी कात्री लावलेली नव्हती. म्हटलं, म्हाताऱ्याची गंमत.

कॅरव्हॅनची जागा बंदराजवळ होती. वीसपंचवीस व्हॅन, कडेला पत्र्याच्या छोट्या खोल्यांची रांग, मध्ये सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. आई व्हॅनमध्ये होती. पडदे ओढलेले. बाहेर लख्ख ऊन आणि ही दिवा लावून भाजी चिरत बसलेली.

"पडदे का?"

"वारा आहे ना," आई म्हणाली. काच बंद होती.

अपघाताबद्दल बाबाने सांगितलं ते एवढं: व्हेल बघायला पश्चिमेकडे निघाले होते, सकाळी रस्त्याचं काम चालू होतं, सूर्य डोळ्यांवर आला, एका कामगाराला गाडीचा बाजूचा आरसा लागला. "खांद्याला लागलंय त्याच्या. तरणा आहे, होईल बरा. सोमवारी पोलिसांकडे जबाबावर सह्या करायच्या, की निघालो. मला आता ह्या रस्त्यावर चाकाला हात लावायचा नाही, बस्."

"आणि व्हेल?"

"व्हेल कुठे पळून जातायत?" आई मध्येच म्हणाली. तिने बाबाकडे न बघता ते वाक्य मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत माझ्या ध्यानात आलं की ती दोघं एकमेकांशी बोलतच नव्हती. मी आल्यामुळे त्यांची सोय झाली होती. "ब्रॉनी, बाबाला विचार मीठ हवं का." बाबा हातभर अंतरावर.

पाच वाजता सगळे पिकल्या केसांचे भटके खुर्च्या घेऊन गोलात बसतात, बिअर आणि वाइन उघडतात, आणि कोण कुठून आलं, कुठे पेट्रोल स्वस्त, कुठल्या जागेचे संडास स्वच्छ, ह्यावर बोलतात. आई आली नाही. बाबा मला घेऊन गेला.

"ही माझी लेक. मेलबर्नला मोठ्या कंपनीत आहे. सुट्टी काढून आलीय आमच्याबरोबर फिरायला."

"वा! सुट्टी मिळते म्हणजे नशीबवान आहेस," एक बाई म्हणाली. "आमचा मुलगा तर, विचारू नकोस."

"हो ना," मी म्हणाले. "माझी मिळून राहिलीय."

मग बाबा व्हेलबद्दल सांगायला लागला. मागच्या आठवड्यात पाहिलेल्या. आई आणि पिलू, कड्याच्या अगदी खाली, पिलू पाठीवर पडून लोळत होतं. इतकं छान सांगितलं की दोघं-तिघं म्हणाले, आम्ही उद्याच निघतो. मागच्या आठवड्यात तो कड्यांपर्यंत पोचलाच नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या बापाने आयुष्यात थापा मारल्या नव्हत्या. त्याला मारता येत नाहीत असंच मी समजत होते. आणि तो मारत होता त्या माझ्या माहितीपत्रकांच्या भाषेत.

रविवारी सकाळी चहाचं पाणी ठेवायला मी सामाईक स्वयंपाकघरात गेले. तिथे माझ्याच वयाचा एक जण एका हाताने डबा उघडायच्या खटपटीत होता. दुसरा हात गळ्यात बांधलेला. डबा गडगडत माझ्या पायाशी आला.

"दे इकडे," मी म्हणाले आणि उघडून दिला.

"जिंकला शेवटी डबा," तो म्हणाला. "आभार. मी रीस."

रीस लिंडनर. पोर्ट लिंकनचा. रस्त्याच्या कामावर, रोजंदारीने. त्याची टोळी त्या पत्र्याच्या खोल्यांत उतरली होती. रविवारी सगळे मासे पकडायला गेले होते आणि हा मागे राहिला होता.

"तू काय करतेस?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे खरंच काही नाही, की चित्रं वगैरे काढतेस?"

"खरंच काही नाही."

"मग आपलं जमेल. मीही आता काही नाही." त्याने खांद्याकडे मान वळवली. "पुढच्या आठवड्यात ॲडलेडला कापाकापी. मला इथला हिवाळा संपल्यावर कॅनडाला जायचं होतं. बर्फाच्या डोंगरावर काम मिळतं. सगळं ठरलं होतं. आता डॉक्टर म्हणतो, हात डोक्यावर जाईल की नाही सांगता येत नाही."

मला तोवर कळलं होतं. तरी मी विचारलं, "कसं झालं?"

"एका म्हाताऱ्याने उडवलं. व्हॅनवाला. मी 'थांबा'ची पाटी घेऊन उभा, आणि तो सरळ येतोय. मला वाटलं, करेल हळू. मग वाटलं, आता तरी करेल. डोक्यापासून पायापर्यंत मी नारिंगी कपड्यांत होतो गं. विमानातून दिसलो असतो." तो हसला, पण लगेच कळ आली असावी. "आणि सांगितलं काय, तर सूर्य डोळ्यांवर आला."

"येतो कधी कधी."

"सकाळी आठला? पश्चिमेकडे जाताना? सूर्य तर त्याच्या ढुंगणावर होता!"

चहाचं पाणी उकळून गेलं होतं. मी गॅस बंद केला.

"हे तू सांगितलं नाहीस?"

"सांगतोय की. पण माझ्या बाजूने कोण आहे? आमची माणसं पुढच्या वळणावर होती. आता ठेकेदार म्हणतो, तू रस्ता अडवायला मांडलेल्या शंकूंच्या बाहेर उभा असशील, तसं लिहून दे, म्हणजे विषय मिटतो. मिटतो म्हणजे त्यांचा मिटतो. चूक माझी ठरली की मला कुणी काही द्यायला नको." त्याने डब्यातल्या घेवड्याच्या दाण्यांकडे बघितलं. "म्हातारा-म्हातारी इथेच कुठेतरी उतरलीत म्हणे. मी शोधलं नाही. दिसली तर मी काय बोलणार? त्यांची सुट्टी आहे."

मी चहा न करताच परत आले. बाबा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता, बोटांनी चाचपडत. मी त्याच्यासमोर हात धरला.

"किती बोटं?"

"हा काय पोरखेळ?"

"किती बोटं, बाबा?"

आतून आईच्या सुरीचा आवाज थांबला.

"मी त्या रीसला भेटले. सूर्य मागे होता."

"आत ये," आई म्हणाली. "दोघंही आत या. दार लावा."

व्हॅनमध्ये तिघांना धड उभंही राहता येत नव्हतं. बाबा टेबलाच्या कडेला बसला आणि पहिल्यांदा नीट बोलला. दीड वर्षापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. कडेचं दिसतं, मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. औषध नाही. हळूहळू वाढत जाणार.

"म्हणून घर विकलंत?"

"दिसतंय तोवर बघायचं होतं," बाबा म्हणाला. "चाळीस वर्षं मी त्या शहराच्या खाली घालवली, ब्रॉन. खड्ड्यात. लोक वरून जायचे, त्यांचे बूट बघायचो. म्हटलं, निवृत्त झालो की लांबचं बघायचं. जिथे मध्ये भिंत नाही असं. आणि निवृत्त झालो, तर हे." त्याने डोळ्यांसमोर हात हलवला.

"मग गाडी कशी चालवत होतास?"

त्याने आईकडे बोट केलं.

"मी सांगत होते," आई म्हणाली. "डावीकडे घे. पुढे ट्रक आहे. वळण येतंय, हळू. साठची पाटी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तू म्हणायचीस ना, फोटो का नाही पाठवत? फोटो काढायला मी खिडकीबाहेर बघितलंच कुठे. मी हा अख्खा देश काचेतून डांबरावर बघितला."

"आणि तू का ऐकलंस? तू का नाही म्हणालीस?"

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला. कधी म्हणायला सुरुवात करू?"

मी म्हटलं, उद्या जबाब देताना खरं सांगा. त्या पोराच्या माथी चूक मारतायत. बाबा उठला आणि त्याचं डोकं वरच्या फळीला आपटलं. त्याचा राग फळीवरून माझ्यावर आला.

"तुला सोपं आहे. तुझ्याकडे गमवायला काही नाही, म्हणून तुला खरेपणा परवडतो! मला आत टाकतील. ह्या वयात. आंधळ्याला."

"गमवायला काही ठेवलंत का माझ्याकडे? घर विकलंत, मला विचारलं नाहीत, सांगितलंसुद्धा नाहीत. आंधळा होतोयस हेही नाही. मी त्या ट्राममध्ये गोल गोल फिरत होते, आणि मला वाटत होतं तुम्ही मजा मारताय!"

"तुझ्या वयात मला घर होतं, पोर होतं."

"तुझ्या काळात घर मिळत होतं!"

बाजूच्या व्हॅनमधल्या बाईने रेडिओ मोठा केला. सभ्यपणाने. आईने सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या नऊ वाजता सही आहे. व्हॅन आत्ताच जोडून ठेव, ब्रॉनी."

सोमवारी मी गाडी काढली. व्हॅन मागून हत्तीसारखी डुलत होती. शिकवलं मला बाबानेच, खात्याच्या आवारात, ट्रेलर लावून. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि त्याला माझं प्रत्येक चाक कुठे आहे ते न बघता कळत होतं. आता तो शेजारच्या सीटवर हात मांडीखाली दाबून बसला होता. आई मागे. पोलीस चौकीच्या समोर मी गाडी लावली.

मला माहीत नव्हतं मी काय करणार. ती दोघं आत जाऊन सह्या करून आली असती तर मी पूर्वेला, मेलबर्नकडे वळले असते की नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. उत्तर येत नाही.

आत एक तरुण पोलीसबाई होती. तिने दोन छापील कागद पुढे केले. तिने जिथे बोट ठेवलं तिथे बाबाने सही केली. कागद वाचल्यासारखं केलं, चष्मा वगैरे वर-खाली करून. मग आईपुढे कागद आला. आईने तो सावकाश पूर्ण वाचला. ग्रंथालयातली बाई ती, काही न वाचता तिने कधी सही केलेली नाही.

"ह्यात चूक आहे," आई म्हणाली.

"ग्लेनिस," बाबा म्हणाला. मी आल्यापासून पहिल्यांदा त्याने तिला नावाने हाक मारली.

"सूर्य डोळ्यांवर नव्हता. ह्यांना दिसत नाही. मी सांगते, हे चालवतात. पण त्या दिवशी मी सांगितलं नाही."

पोलीसबाईने पेन खाली ठेवलं. "सांगितलं नाही म्हणजे? तुम्हालाही दिसला नाही तो?"

"दिसला. लांबूनच दिसला. नारिंगी." आई तिच्याशी बोलत होती, पण आवाज आम्हा दोघांसाठी होता. "आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, मला परत जायचंय, मला ट्राम हवी, माझ्या मैत्रिणी हव्यात, मला ह्या उजाड रस्त्याचा वीट आलाय. तर हे म्हणाले, पर्थपर्यंत आता एक शब्द नको. मग मी एक शब्द काढला नाही. सकाळी निघालो तरी नाही. ह्यांनीही विचारलं नाही. रस्ता सरळ होता. तो मुलगा दिसला तेव्हा मला वाटलं, एवढा नारिंगी आहे, हे बघतील. मग वाटलं, नाही बघितला तर कळेल ह्यांना, मी काय काय करते ते. एवढंच वाटलं. तेवढ्या वेळात गाडी पोचली."

बाहेर एक धान्याचा ट्रक गिअर बदलत गेला.

"तुला दिसला होता?" बाबा म्हणाला.

आईने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की त्याला ते दिसणार नाही. "हो," ती म्हणाली.

त्यापुढचं सगळं व्हायचं तसं झालं. नवे जबाब, डोळ्यांची तपासणी, परवाना जागच्या जागी जप्त. काही महिन्यांनी कोर्ट. बाबाला आत टाकलं नाही. न्यायाधीशाने वय आणि डोळे बघून शिक्षा स्थगित ठेवली, आणि चार कठोर वाक्यं ऐकवली. खोटं सांगितल्याबद्दल आईला समज मिळाली. दिसत असून न बोलण्याबद्दल तिला कुणी काही म्हणालं नाही. तिची तयारी होती, मला वाटतं. कुणीतरी काही म्हणावं म्हणून ती बाकावर शेवटपर्यंत बसून होती.

रीसच्या माथ्यावरची चूक निघाली. त्या सोमवारीच, सेडूनाहून निघताना, मी त्याला सांगायला गेले, की ती म्हातारा-म्हातारी म्हणजे माझे आईबाप. तो पायरीवर बसला होता.

"म्हणजे काल डबा उघडून दिलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"डबा उघडताना नव्हतं. उघडून झाल्यावर कळलं."

"बरं," तो म्हणाला. मला वाटलं तो आणखी काही बोलेल. तो उठला, आत गेला आणि त्याने कोपराने दार ओढून घेतलं. पुढे ॲडलेडहून एकदा त्याचा निरोप आला: हात खांद्यापर्यंत जातो, वर नाही. कॅनडा रद्द. भरपाई मिळाली, आभार. त्या 'आभार'कडे मी पुष्कळ वेळ बघत बसले होते. त्यात टोमणा होता की नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेलबर्नपर्यंत तीन दिवस लागले. दोघं एक शब्द बोलली नाहीत. आता मला मधे घालूनसुद्धा नाही. आई मागे बसून दिवसभर खिडकीबाहेर बघत होती. मेंढ्या, गव्हाची शेतं, धान्याची उंच कोठारं, सगळं. बाबा समोर बघत होता. कधीतरी मी चुकून मोठ्याने म्हणाले, "पुढे ट्रक आहे," आणि तिघंही आखडलो.

वाटेत हॉर्शम गावाला आल्यावर बाबा म्हणाला, "मला इथेच सोड."

"इथे काय आहे?"

"नदीकाठी व्हॅनची जागा आहे. कायमची घेता येते. मेलबर्न नको मला. तिथलं मला सगळं पाठ आहे, न बघता चालता येईल, आणि म्हणूनच नको."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तो म्हणतो तसं कर." मी व्हॅन लावून दिली, पाणी आणि वीज जोडली, पायऱ्या पक्क्या केल्या. आई गाडीतून उतरली नाही.

आता आई मेलबर्नच्या कोबर्गमध्ये एका विधवा मैत्रिणीबरोबर राहते. ट्रामचा थांबा दाराशी. गाण्याच्या गटात जाते, ग्रंथालयात जाते. कुणी विचारलं की सांगते, "गार्थ ना? फिरायला गेलाय. त्याला शहर मानवत नाही." लोक म्हणतात, वा, मजा आहे. मलाही काम मिळालं. निवृत्तीच्या पैशांच्या एका कंपनीत फोन घ्यायचे. लोक विचारतात, मी कधी थांबू शकेन? चाळिशीतले विचारतात, तिशीतलेही. मी पडद्यावर दिसणारं वर्ष वाचून दाखवते. मग ते म्हणतात, बरं. कुणीच भांडत नाही, ह्याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. गळ्यात पट्टा आहे. अकरा वाजता मी कॉफी घेऊन धावते आणि काचांत बघत रेंगाळणारी माणसं मला आता वाटेत येतात.

मागच्या महिन्यात बसने बाबाकडे गेले. तो हडकला होता, पण जागेत रुळला होता. व्हॅनपासून नदीपर्यंत दोरी बांधून घेतली होती, तिला धरून जायचा. शेजारच्या व्हॅनमध्ये मर्ना नावाची बाई राहते, सत्तरीची, बडबडी. तिने आम्हाला चहाला बोलावलं. बाबा किटली आणायला आत गेला तशी ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या आईचं ऐकून फार वाईट वाटलं गं. तो फारसं बोलत नाही, पण इथे आला तेव्हा कसा होता ते मी बघितलंय. इतक्या वर्षांची सोबत जाणं म्हणजे काय!"

मी बाबाच्या पाठीकडे बघितलं. तो बोटांनी किटलीचा कान शोधत होता. त्याला ऐकू गेलं होतं. डोळे गेल्यापासून त्याला सगळं ऐकू जातं.

"आजारी होती का बरेच दिवस?" मर्नाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अचानक गेली."

"ते बरं एका परीने." तिने माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. "खा. केळ्याचा आहे. तुझ्या बाबाला फार आवडतो."

बाबा किटली घेऊन आला. आम्ही चहा घेतला, केक संपवला. पावणेतीनची बस होती.